पवनेकाठची शेगडी

शनिवारची दुपार कलली की कामशेतहून पवनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. लोणावळ्याकडून दुधिवरे खिंड उतरून येणाऱ्या गाड्या वेगळ्याच. ठाकूरसाई, आंबेगाव, फांगणे अशा गावांच्या शिवारात, पवना धरणाच्या पाण्यालगत तंबू उभे असतात. एका अंगाला तुंग आणि तिकोना, दुसऱ्या अंगाला लोहगड-विसापूर. तंबूवाल्यांचं पॅकेज आता मावळात सगळ्यांना पाठ झालं आहे: संध्याकाळी चहा-भजी, अंधार पडला की बार्बेक्यू, मग जेवण आणि सकाळी पोहे. बार्बेक्यू म्हणजे एक लोखंडी शेगडी, कोळशाची पिशवी, जाळी आणि मसाला चोळलेल्या कोंबडीचं पातेलं. पुढचं काम बहुतेक ठिकाणी पाहुण्यांच्या हौसेवर सोडलेलं असतं.

घरी कधी गॅसजवळ न फिरकणारी माणसंही या शेगडीपाशी आनंदाने उभी राहतात, ही फार चांगली गोष्ट आहे. फक्त पहिल्याच डावात अनेकांचा हिरमोड होतो. कोळसा पेटतो, ज्वाळा दिसल्या की लगेच तंगड्या जाळीवर चढतात, दहा मिनिटांत त्या बाहेरून काळ्या होतात आणि दाताखाली हाडाजवळचं मांस कच्चं लागतं. मग कोणीतरी निदान करतं की मसाला नीट मुरला नव्हता. मसाल्याचा त्यात क्वचितच दोष असतो. शेगडीवरच्या मांसाची चव ठरते ती आधी खाटकाच्या दुकानात, मग मीठ लावण्याच्या वेळेवर आणि शेवटी निखाऱ्यावर. आपल्याकडे सगळा भरवसा मसाल्यावर टाकायची सवय आहे. रश्श्यात ती चालून जाते, जाळीवर नाही.

स्टेक हा शब्द पुण्या-मुंबईच्या हॉटेलांमुळे मराठी माणसाच्या ओळखीचा झाला आहे. परदेशात स्टेक म्हणजे बहुधा गोमांसाचा इंच-दीड इंच जाडीचा सलग तुकडा. महाराष्ट्रात 1976 च्या प्राणी संरक्षण कायद्याने गाईच्या कत्तलीला बंदी होतीच. मार्च 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने ती वळू आणि बैलांपर्यंत वाढली. म्हैस या बंदीत येत नाही. म्हणून पुण्याच्या कॅम्पातल्या हॉटेलांत जो स्टेक ताटात येतो तो म्हशीच्या मांसाचा असतो. त्यातला सर्वांत मऊ भाग, पाठीच्या कण्याखालचा लांबट गोळा, खाटीक अंडरकट म्हणून विकतात. लोणावळ्यात किंवा कामशेतच्या बाजारात नवशिक्याच्या हाताशी येतं ते मात्र बोकडाचं मटण आणि कोंबडी. शिकायला त्याहून बरं काही नाही. जो मटणाची चाप नीट भाजू शकतो, त्याला कॅम्पातून आणलेला अंडरकट अवघड जात नाही. उलट तो सोपाच वाटतो.

निखाऱ्यावर मांस भाजणं इथे नवीन आलेलं नाही. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात शिगेला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचं वर्णन आहे. घाट उतरून रायगड जिल्ह्यात गेलं तर तिथे थंडीत पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी भरायची, मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-पाचोळा पेटवायचा. पोपटीची कोंबडी करपत नाही आणि कच्चीही राहत नाही. ज्वाळा मांसाला शिवत नाहीत, सगळ्या बाजूंनी सारखी उष्णता मिळते आणि पाल्याची वाफ आत कोंडलेली असते. पवनेकाठच्या शेगडीवर जे बिघडतं त्याचं उत्तर घाटाखालच्या शेतात पिढ्यान् पिढ्या तयार आहे.

आता खाटकाकडे जाऊ. शेगडीसाठी मटण घेताना ‘मिक्स द्या’ म्हणून चालत नाही. मिक्समध्ये सीना, गर्दन, नळी, खांदा असं सगळं येतं. हे भाग जनावर दिवसभर वापरतं, त्यांत चिवट धागे भरपूर असतात. ते धागे विरघळायला ओलसर उष्णता आणि तास-दीड तास लागतो. म्हणूनच ते रश्श्यात इतके चविष्ट होतात आणि जाळीवर चामड्यासारखे लागतात. जाळीसाठी मागायची ती चाप, म्हणजे पाठीच्या कण्यालगतचं बरगडीच्या हाडासकट मांस. त्या स्नायूंना फारसं काम नसतं. चाप निदान अंगठ्याच्या जाडीची कापून घ्यावी. पातळ चाप बाहेरून रंगेपर्यंत आतून वाळून जाते. दुसरा पर्याय म्हणजे रानाच्या, अर्थात मागच्या मांडीच्या, हाडासकट आडव्या चकत्या. बोकड कोवळा हवा. हाडं बारीक, चरबी पांढरी, मांस फिकट गुलाबी हे पाहून घ्यावं. कोंबडीत छातीपेक्षा मांडीचं मांस घ्यावं. त्यात चरबी जास्त असते, चार मिनिटं इकडेतिकडे झाली तरी ते सांभाळून घेतं. छातीचं मांस नवशिक्याला माफ करत नाही.

यानंतरची गोष्ट मराठी घरांच्या सवयीच्या विरुद्ध आहे. आपल्याकडे मटण म्हणजे ताजं, सकाळी कापलेलं, दुपारी ताटात. रविवारी सकाळी मटणाच्या दुकानापुढे लागणारी रांग त्या ताजेपणासाठीच असते. पण जनावर कापल्यानंतर काही तासांत त्याचे स्नायू आखडतात. या अवस्थेतलं मटण कुकरमध्ये घातलं तर शिट्ट्या वाढवून निभावतं. जाळीवर मात्र सात-आठ मिनिटांत ते पिळलेल्या पंच्यासारखं घट्ट होतं आणि सगळा रस निखाऱ्यावर गळून जातो. फ्रिजमध्ये एक-दोन दिवस ठेवलं तर आखडलेपणा उतरतो आणि मांसातलीच एन्झाइम्स स्नायूंचे तंतू हळूहळू तोडू लागतात. युरोप-अमेरिकेत स्टेकचं मांस थंड खोलीत दोन ते चार आठवडे ठेवतात ते याचसाठी. घरच्या फ्रिजमध्ये तसला प्रयोग करू नये, पण एक दिवस पुरेसा फरक पाडतो. शनिवारी रात्री पवनेवर शेगडी पेटवायची असेल तर मटण शुक्रवारी घ्यावं, आणि त्याच रात्री मीठ लावावं.

मीठ हा या सगळ्यातला खरा कर्ता आहे. आलं, लसूण, मिरची, गरम मसाला यांतला स्वाद मांसात फार खोल उतरत नाही. रात्रभर ठेवलं तरी तो वरच्या काही मिलिमीटरांत थांबतो. मीठ मात्र पाण्यात विरघळून आत आत सरकत राहतं. तिथे ते काही प्रथिनं सैल करतं, त्यामुळे भाजताना मांस कमी आकसतं आणि पाणी धरून ठेवतं. मीठ चोळल्यावर पहिल्यांदा मांसाला पाणी सुटतं. अर्ध्या तासाने पाहिलं तर चाप ओलीचिंब दिसते, आणि नेमकी त्याच वेळी ती जाळीवर टाकली तर ती भाजण्याऐवजी वाफवल्यासारखी होते. तासाभरानंतर तेच खारट पाणी हळूहळू परत आत जातं. म्हणून मीठ एकतर कित्येक तास आधी लावावं, नाहीतर थेट जाळीवर ठेवताना. मधली वेळ वाईट. प्रमाण सांगायचं तर एक किलो मांसाला 10 ते 12 ग्रॅम, म्हणजे चहाचे सपाट दोन चमचे. नंतर लावायच्या मसाल्यात पुन्हा मीठ घालायचं नाही, हे घरातल्या दुसऱ्या हौशी माणसालाही सांगून ठेवावं.

मसाल्याचं काम मांसाच्या वरच्या थरापुरतं असलं तरी ते महत्त्वाचं आहे, कारण जिभेला आधी तोच थर भेटतो. मावळातल्या कुठल्याही घरात मिळेल अशा सामानात तो होतो. एक किलो चापांना तीन-चार मोठे चमचे चक्का किंवा फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही, दोन चमचे आलं-लसणाचं वाटण, मूठभर कोथिंबीर आणि चार-पाच हिरव्या मिरच्या वाटून, अर्धा चमचा हळद, थोडा गरम मसाला आणि दोन मोठे चमचे तेल. तेल टाळू नये. मसाल्यातले बरेचसे स्वाद तेलातच उतरतात, शिवाय मांस जाळीला चिकटत नाही. पातळ दही नको, कारण त्यातलं पाणी पुढे निखाऱ्याशी भांडत बसतं. हा लेप मीठ लावलेल्या चापांना शनिवारी सकाळी चोळला तरी पुरतो. तंगडीला मात्र सुरीने हाडापर्यंत दोन-तीन चिरा द्याव्यात. मसाला आत जाण्याचा तो एकमेव प्रामाणिक रस्ता आहे, आणि चिरांमुळे मांस शिजतंही लवकर.

लिंबाच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. दह्यातलं आम्ल सौम्य असतं, त्यात मांस रात्रभर राहू शकतं. लिंबाचा रस तीव्र असतो. त्यात कोंबडी पाच-सहा तास ठेवली तर वरचा थर आधीच पांढरट होतो आणि भाजल्यावर पिठूळ लागतो. व्हिनेगरचंही तसंच.

कच्च्या पपईबद्दल तर जरा सविस्तर बोलायला हवं, कारण तिचा वापर घरोघरी होतो आणि तिच्यामुळे बिघडणारं मटणही घरोघरी दिसतं. पपईच्या चिकात पपेन हे एन्झाइम असतं, सालीत आणि सालीलगत जास्त. ते प्रथिनं तोडतं. पण त्याचा जोर सर्वाधिक असतो 60 ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे मांस विस्तवावर तापत असताना. फ्रिजमध्ये ते जवळजवळ झोपलेलं असतं. ‘रात्रभर पपई लावून ठेवली, आत मऊ झालं असेल’ हा समज म्हणूनच खरा नाही. ती आतपर्यंत जात नाही, आणि वर बसलेली सगळी पपई भाजताना एकदम कामाला लागून पृष्ठभागाचा लगदा करते. किलोभर मटणाला सालीसकट किसलेल्या कच्च्या पपईचा एक छोटा चमचा, तोही भाजण्याआधी तास-दोन तास, एवढं पुष्कळ झालं. एक दिवस जुनं, मीठ लावलेलं कोवळं मटण असेल तर तीही लागत नाही. कोंबडीला पपई लावूच नये.

विस्तवाचं शिक्षण घ्यायला लोणावळ्यात चांगली जागा आहे. पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवर किंवा टायगर पॉइंटच्या कड्यापाशी कणसं भाजणाऱ्या बायकांपुढे पाच मिनिटं उभं राहावं. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, कोळसा दमट, वारा उलटसुलट, आणि तरी कणीस करपत नाही. त्यांच्या शेगडीत ज्वाळा नसते. लालसर निखारे असतात, त्यांवर करड्या राखेचा पातळ पापुद्रा. कणीस ठेवायच्या आधी पुठ्ठ्याने वारा घातला जातो, निखारा फुलतो, मग हात थांबतो. कणीस एका बाजूवर कधी विसावत नाही, बोटांनी ते सतत फिरत राहतं. एखाद्या बाजूचे दाणे मागे राहिले तर तेवढीच बाजू विस्तवाकडे धरली जाते आणि पुन्हा दोन झटके वारा. सगळ्यात शेवटी, कणीस विस्तवावरून उतरल्यावर, तिखट-मिठात बुडवलेली लिंबाची फोड त्यावर दाबून चोळली जाते. तिखट विस्तवावर जळतं आणि कडू होतं, लिंबाचा ताजा वास उडून जातो. म्हणून दोन्ही शेवटी. शेगडीवर मांस भाजायला जे जे लागतं ते सगळं या कणसाच्या गाड्यावर रोज घडत असतं.

नवशिक्यांची सर्वांत मोठी घाई कोळशाच्या बाबतीत होते. लाकडी कोळसा पेटून पुरता निखारा व्हायला 25 ते 30 मिनिटं लागतात. वर राख धरेपर्यंत जाळीवर काहीही ठेवायचं नाही. रॉकेल किंवा पेट्रोल ओतणं धोक्याचं तर आहेच, वासही मांसाला लागतो. दोन्ही बाजूंनी उघडा केलेला, खालच्या कडेला भोकं पाडलेला तेलाचा डबा शेगडीत उभा करावा, तळाला वर्तमानपत्राचे बोळे, वर कोळसा, आणि कागद पेटवून द्यावा. हवा खालून ओढली जाते आणि फुंकणीशिवाय कोळसा पेटतो. डबा चिमट्याने उचलून निखारे शेगडीत ओतले की झालं. पावसाळ्यात कोळसा हवेतला ओलावा शोषतो, तेव्हा पिशवी घट्ट बंद ठेवावी आणि दहा मिनिटं जास्त धरावीत.

या कोळशामागे माणसंही आहेत. रायगड आणि मावळ भागातली कितीतरी कातकरी कुटुंबं वर्षातले काही महिने कोळशाच्या भट्ट्यांवर जाऊन राबत आली आहेत. अंगावर घेतलेली उचल फेडता फेडता पिढ्या गेल्या. पुढे वीटभट्ट्यांनी तीच जागा घेतली. पिशवीतला कोळसा नासू नये, लागेल तेवढाच पेटवावा, हे म्हणण्याला एवढं कारण पुरे.

निखारे शेगडीभर सारखे पसरू नयेत. एका बाजूला ढीग, दुसरी बाजू जवळजवळ मोकळी. ढिगावरच्या जाळीपासून वीतभर उंचीवर तळहात धरला तर दोन-तीन सेकंदांत मागे घ्यावासा वाटला पाहिजे. ही रंग आणायची बाजू. मोकळ्या बाजूवर सहा-सात सेकंद हात टिकतो, ती शिजवायची. शेगडी कितीही लहान असली तरी हे दोन भाग करता येतात, आणि पवनेवरच्या निम्म्या तंगड्या एवढ्यानेच वाचतील.

मांस फ्रिजमधून किंवा बर्फाच्या डब्यातून काढल्यावर वरचा जाड लेप बोटांनी निपटून टाकावा. मसाला वाया जातोय असं वाटून पुष्कळांचा हात इथे अडखळतो. पण ओल्या पृष्ठभागाचं तापमान पाणी उडून जाईपर्यंत 100 अंशांच्या वर चढत नाही, आणि भाजलेल्या मांसाचा तो तपकिरी रंग आणि खमंग वास तयार होण्याची क्रिया जोर धरते साधारण 140 अंशांच्या पुढे. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातली ही क्रिया फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेयार यांनी 1912 मध्ये मांडली. भाकरीचा पापुद्रा, भाजलेली कॉफी, खरपूस चाप, सगळ्यांच्या वासामागे तीच आहे. जाड लेप राहिला तर मांस रंगायच्या आधी मसालाच जळतो. मध किंवा साखर असलेले तयार सॉस तर शेवटच्या दोन मिनिटांतच लावावेत.

अंगठ्याएवढ्या जाडीची चाप ढिगाच्या बाजूवर ठेवावी आणि दर मिनिटाला उलटावी. एकदाच उलटायची असा दंडक पुष्कळ जण सांगतात. प्रत्यक्षात वारंवार उलटल्याने मांस दोन्ही बाजूंनी सारखं आणि थोडं लवकर शिजतं. सात-आठ मिनिटांत चाप होते. चरबी गळून ज्वाळा उठली तर पाणी मारू नये, राख उडून मांसावर बसते. चाप सरळ मोकळ्या बाजूला सरकवावी, ज्वाळा आपोआप बसते. तंगडीचा क्रम उलटा. ती आधी मोकळ्या बाजूवर ठेवावी, वर एखादं मोठं पातेलं उपडं घालावं. पोपटीच्या मडक्याचंच हे काम. अर्ध्या तासाच्या पुढे, हाडाजवळून शिजत आली की शेवटी पाच मिनिटं ढिगावर नेऊन रंग आणावा.

मांस आधी कडक आचेवर धरलं की त्याचा रस आत बंद होतो, ही समजूतही फार जुनी आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी 1847 च्या सुमारास ती मांडली आणि ती स्वयंपाकघरांत रुजली. ती चूक आहे. खरपूस झालेला पृष्ठभागही पाणी सोडतो, जाळीवरचा चुरचुर आवाज त्याच पाण्याचा. रस टिकतो तो फाजील न तापवल्याने.

किती तापवायचं हे डोळ्यांनी ओळखणं अनुभवी माणसालाही जड जातं. म्हणून मांसात टोचायचा साधा डिजिटल थर्मामीटर जवळ असावा. कोंबडीच्या सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, 74 अंश दिसले पाहिजेत. याला सवलत नाही, कारण कोंबडीतले जंतू जुलाब-तापाने माणसाला आडवं करतात. म्हशीच्या किंवा बोकडाच्या सलग तुकड्याला 63 अंश आणि त्यानंतर तीन मिनिटं विसावा, हे अमेरिकेच्या कृषी खात्याने ठरवलेलं सुरक्षित प्रमाण आहे. सलग तुकड्यात जंतू बहुधा बाहेरच्या पृष्ठभागावर असतात आणि तो चांगला तापलेला असतो. खिम्यात बाहेरचं सगळं आत मिसळलेलं, म्हणून सीख कबाबाला 71 अंश लागतात. मराठी घरांत गुलाबी मटण सहसा कोणी खात नाही. तसं असेल तर चाप 70 पर्यंत न्यावी, त्याच्यापुढे नेऊ नये. 75-80 ला ती नक्कीच चिवट होईल.

उतरवलेली चाप पाच मिनिटं ताटात तशीच ठेवावी. या वेळात तिचं आतलं तापमान आणखी दोन-तीन अंश चढतं आणि रस दाटतो, कापल्यावर वाहून जात नाही. अंडरकट किंवा रानाची चकती असेल तर सुरी स्नायूंच्या रेषांना आडवी चालवावी. लांब धागे आखूड होतात आणि तोच तुकडा दुप्पट मऊ लागतो. लिंबू, तिखट, बारीक चिरलेला कांदा आता. सोबत मावळातला इंद्रायणी तांदळाचा गरम भात असेल तर आणखी काही लागत नाही. हा तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातच तयार झालेला आहे. शाकाहारी मंडळींसाठी पनीर आणि कणसं आधी भाजून घ्यावीत, स्वच्छ जाळीवर, वेगळ्या चिमट्याने.

काही गोष्टी चवीच्या नाहीत, जिवाच्या आहेत. पुण्या-मुंबईहून मांस नेताना डब्यात भरपूर बर्फ हवा. उघड्यावर कच्चं मांस दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, एप्रिल-मेच्या उन्हात एका तासाच्या वर नाही. कच्चं मांस ज्या ताटात होतं त्यात भाजलेलं काढू नये. पातेल्यात उरलेला मसाला चटणी म्हणून वाढू नये, वाढायचाच असेल तर आधी चांगला उकळावा.

आणि शेगडी कधीही तंबूत न्यायची नाही. डिसेंबर-जानेवारीत पवनेकाठी रात्री चांगलंच गारठतं, निखारे अजून ऊबदार असतात, आणि मोह होतो. विझत आलेल्या कोळशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद तंबूत झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच तो मारतो. बंगल्याच्या बंद खोलीतही हाच धोका. हे प्रत्येक तंबूवाल्याने पाहुण्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगायला हवं.

गडावर तर शेगडी न्यायचाच प्रश्न नाही. लोहगड संरक्षित स्मारक आहे आणि 2025 पासून जागतिक वारशाच्या यादीतही. पाण्याकाठीही निखारे तसेच सोडून झोपू नये. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचं गवत वाळू लागतं आणि उन्हाळ्यापर्यंत एका ठिणगीला वणवा लागेल अशी अवस्था असते. निखाऱ्यांवर पाणी ओतावं, काठीने ढवळावं, पुन्हा ओतावं, हाताला राख गार लागेपर्यंत. ती राख, हाडं आणि कागद पिशवीत भरून सोबत न्यावं. धरणाचं हे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना जातं. उरलेल्या चापा मात्र टाकू नयेत. निवल्या की लगेच बर्फाच्या डब्यात ठेवाव्यात. सकाळी मांस हाडावरून सोडवून, कांदा आणि थोडा कांदा-लसूण मसाला घालून तव्यावर कडकडीत परतलं तर पोह्यांऐवजी भाकरीबरोबर न्याहारी होते.